पिवळीची अंडी

ता. ३ जून

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या घरात एक कजाग सून आली आहे. मासे विकणाऱ्या दुकानदाराने नरासोबत जोडीने गळ्यात मारलेली पिवळी मासोळी. सिक्लिड म्हणतात या जातीला. अंडी घातली की ही बया ती सगळी तोंडात घेते आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत उपाशी राहते. निदान दुकानदार तरी असं सांगतो. आमच्या पिवळीने दोन्ही वेळा सगळी गिळून टाकली! सकाळी गाल टम्म फुगलेले, दुपारी बघते तर सपाट, आणि मेली काही झालंच नाही अशा थाटात काचेपाशी येऊन खायला मागतेय.

मला इतकं रडू आलं की यांनी शिलाईचं मशीन थांबवलं. मासेच तर आहेत, म्हणाले. पण मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून या घरात काहीतरी वाढताना बघायला मी किती आसुसले आहे, ते तुला तरी कळेल. एकदाच, फक्त एकदा तिची पिल्लं जगलेली मला बघायची आहेत.

वेळेवर जेवत जा. माझ्यावर रुसू नकोस, लोभ ठेव.

तुझी,
ताई

ता. १४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पिवळी अंडी गिळते यात नवल ते काय? दिवसभर तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू, वर भाऊजींचं मशीन. मीसुद्धा गिळली असती! आमच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर मासे पाळतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, आई घाबरली की गिळते, किंवा पहिलटकरीण असली तर तिला काही समजत नाही. टँकला तीन बाजूंनी कागद लाव आणि काचेवर टकटक करू नकोस.

तरी जमलं नाही तर अंडी काढून घ्यायची. हात ओला करून तिला अलगद धर, काडीने खालचा ओठ जरासा ओढ आणि भांड्यात तोंड उपडं कर. आपोआप थुंकेल. लोकांना आ करायला लावणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. हनुवटीवर अंगठा ठेवला की भलेभले तोंड उघडतात. मग अंडी बाटलीत ठेवून खालून बुडबुडे सोडायचे, म्हणजे आईच्या तोंडात फिरतात तशी ती फिरत राहतात.

तू फार मनाला लावून घेतेस, मला तुझी काळजी वाटते. या धाकटीवर माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
छोटी

ता. ९ जुलै

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. पिवळीने अंडी थुंकली, मी बुडबुडेही सोडले. तरी एकेका अंड्यावर पांढरी बुरशी धरली आणि सगळी गेली. बाटली ती बाटली. कुठलं अंडं कधी वळवायचं ते तिला काय कळणार? पिवळीला कळतं, पण तिच्यात दम नाही.

ती पुन्हा अंड्यावर आली आहे. ही मी वाया जाऊ देणार नाही. बरोबर जागा सापडली आहे, उबदार आणि अंधारी. काही दिवस फोन करू नकोस, मी घेणार नाही. राग मानू नकोस गं.

ताई

ता. २४ जुलै

चि. छोटीस अ. उ. आ.

टाचण्या तोंडात धरून मी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतो, पण पत्र लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझी ताई दोन आठवडे एक शब्द बोललेली नाही. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला बरंच वाटलं. आता घर खायला उठतं. काही हवं असलं तर पाटीवर लिहिते. जेवत नाही. ओठांच्या फटीतून घोट घोट पाणी घेते आणि तिचा जबडा सावकाश हलत राहतो, गोल गोल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काय होतंय विचारलं तर पाटीवर लिहिलं, की सगळं नीट चाललंय.

बाटली कोरडी करून फळीवर उपडी ठेवली आहे. पिवळीचे गाल सपाट आहेत, मजेत खातेय. म्हणजे अंडी पुन्हा गेली असणार. पण या वेळी तुझी ताई रडली नाही, त्याचीच मला भीती वाटते. काल माझ्या हातून कात्री पडली, तर दोन्ही हातांनी तोंड झाकून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानात निघून गेलो. पार वाळली आहे. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. निघून ये. आमच्यावर एवढी कृपा असू दे.

तुझे,
भाऊजी

ता. ३ ऑगस्ट

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

ताईचा घसा बसलाय, असं मी तुम्हाला निघताना सांगितलं. ते खोटं होतं. तिच्यासमोर खरं बोलवेना.

तुम्ही दुकानात गेल्यावर मी तिला खिडकीजवळ बसवलं, हात धुतले आणि तिच्या हनुवटीवर अंगठा ठेवला. तिने विरोध केला नाही. नुसती बघत होती, विनवत. मी बोट तिच्या गालावर टेकवलं आणि आतून काहीतरी लागलं. ती जीभ नव्हती, भाऊजी. रोज जिभा बाजूला सारते मी, जीभ मला कळते. बारीक होतं आणि एक नव्हतं. मी बोट सरकवलं, तर तेही बोटाच्या मागोमाग सरकलं.

मी हात काढून घेतला. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही.

तिला दवाखान्यात न्यायला हवं, हे मला कळतं. पण जबरदस्तीने तोंड उघडलं तर आपली ताई यातून उठायची नाही. दुकानदार म्हणतो, पिल्लं वेळ झाली की आपणहून बाहेर येतात. तेवढे दिवस कळ काढा. घरात अनवाणी चाला, भांडं वाजू देऊ नका. तिला अजिबात दचकवू नका.

माझी मायाळू ताई मला परत हवी आहे. तिला सांभाळा, आणि माझ्यावर विश्वास ठेवा.

तुमची,
छोटी

ता. १२ ऑगस्ट

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

घे, तुझ्या ताईची वाचा परत आली! आता फोन कर हवा तेवढा.

यांना बोल लावू नकोस. बिचारे तुझं ऐकूनच वागत होते. मी टँकपुढे बसले होते. मला गारठा लागेल म्हणून हे शाल घेऊन आले, चवड्यांवर, श्वासाचाही आवाज न करता, आणि मागून खांद्यावर हात ठेवला. मला चाहूलच लागली नाही गं. मी दचकले आणि गिळलं.

सगळी. एकही राहिलं नाही. शेपट्या फुटल्या होत्या त्यांना, जिभेला कळायच्या. हे ओक्साबोक्शी रडले. मीच त्यांची समजूत घातली.

पिवळीवर मी उगाच चिडत होते. ती पिल्लांना खात नाही, छोटी. हात जवळ आला की तोंडही उघड्यावरचं वाटायला लागतं, म्हणून ती त्यांना आणखी आत नेते, इतकंच.

तू काळजी करू नकोस. जेवण जात नाही, पण तहान भरपूर लागते आणि मी सारखी पाणी पिते. पोटावर जिथे तळहात ठेवते, तिथे येऊन जमतात.

आम्हा सगळ्यांवर तुझा लोभ असू दे.

तुझी,
ताई