टर्की क्रीकचं नाव पहिलं

टर्की क्रीक,
१४ डिसेंबर २००८

चि. हार्लन यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि जुन्या टीव्हीवर नवं चित्र दाखवणारा तो डबा, दोन्ही पोचले. डबा अजून उघडलेला नाही. सरकारी कुपनावर आणलास, म्हणजे चालेल की नाही याची मला शंकाच आहे. शेजारच्या इमोजीनला कुपन मिळालंच नाही, संपली म्हणे. यापुढे टीव्ही बघायचा तर टीव्ही स्टेशनात इंजिनिअर असलेला भाऊ हवा, असं तिने मला पाटीवर लिहून दाखवलं. मी तिला म्हटलं, माझा घेऊन जा, दोन दिवसांत आपणहून परत आणून सोडशील.

पण एक सांग, ही उठाठेव कशासाठी? मला दिसतं की! चित्रात बर्फ पडत असतो, बातम्यावाल्याला कधी कधी दोन डोकी असतात, पण खालून सरकणारी पुराच्या इशाऱ्याची पट्टी स्पष्ट वाचता येते. कान गेल्याला एकवीस वर्षं झाली, फोन माझ्या काय कामाचा! तुझी पट्टी हाच माझा फोन. परवाच्या पावसात बाकी सगळी गावं अक्षरांच्या क्रमाने आणि आमचा सात घरांचा टर्की क्रीक सगळ्यांच्या आधी! तुला तिथे कोणी बोलत नाही का रे?

मी तुझा नियम पाळते. पट्टी आली तर चर्चच्या टेकडीवर, नाही तर घरात. उगाच पावसाला भिऊन धावले आणि खुबा मोडून घेतला, त्या वर्षी तू मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलंस, की पट्टी नाही म्हणजे पूर नाही. तो कागद अजून तिथेच आहे.

ख्रिसमसला ये. सफरचंदाच्या मुरंब्याच्या तीन बाटल्या तुझ्या नावाने ठेवल्यात. माझ्या भावजयीला, लॉर्नाला, जपायला सांग. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
व्हर्नाताई

ॲशबी,
१२ फेब्रुवारी २००९

ती. ताईस हार्लनचा सा. न. वि. वि.

ख्रिसमसला आलो नाही, रागावली असशील. स्टेशनातले दोन इंजिनिअर नाताळच्या आदल्या आठवड्यात कामावरून काढले, त्यांच्यामागोमाग हवामान सांगणाऱ्या बिचाऱ्या डेनिसचीही नोकरी गेली. आता मशीनवर मी, पट्टीवर मी आणि छपरावरचा बर्फ काढायलाही मीच.

बातमी वाचली असशील. कुपनं संपली म्हणून वॉशिंग्टनने जुन्या पद्धतीचं टीव्ही प्रक्षेपण थांबवायची शेवटची तारीख सतरा फेब्रुवारीवरून जूनमध्ये ढकलली. मला हायसं वाटलं होतं. पण ज्या स्टेशनांना आधीच्याच तारखेला बंद करायचं असेल त्यांना मुभा आहे, आणि आमच्या मालकांना, प्रूइटसाहेबांना, तेच हवंय. जुना ट्रान्समीटर वीज खातो, त्याची नळीही शेवटच्या घटका मोजतेय.

ताई, आता जे लिहितो ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. नवं डिजिटल चित्र सगळीकडे पोचेल, अशा कागदावर इंजिनिअरची सही लागते. कॉम्प्युटरने काढलेल्या नकाशात टर्की क्रीक हिरवा आहे, म्हणजे पोचेल. पण मध्ये तो डोंगर आहे हे नकाशापेक्षा मला जास्त ठाऊक. मी तसं बोललो. तिथे किती घरं, असं साहेबांनी विचारलं. मी सात म्हटलं. त्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्यापुढे सरकवलं. पेन्शनला चौदा महिने उरलेत, लॉर्नाचे उपचार कंपनीच्या विम्यावर चाललेत. मी सही केली.

मंगळवारी दुपारी बारा वाजता मी जुनं बंद करायचं बटण दाबेन. डबा जोडून ठेव आणि त्यानंतर त्याच्यावरचं शोधायचं बटण दाब. कदाचित नकाशाच बरोबर असेल. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
हार्लन

टर्की क्रीक,
२७ फेब्रुवारी २००९

चि. हार्लन यास आशीर्वाद, वि. वि.

मंगळवारी इमोजीन आणि पाद्रीबाई जेवायलाच आल्या. मी घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव केला होता. कोणाच्या तरी मयताला जमल्यासारख्या आम्ही तिघी टीव्हीसमोर बसलो. बाराला बातम्यावाली काहीतरी बोलत होती, तोंड उघडं असतानाच गेली. मग नुसती मुंग्यांची रांग.

डब्याचं बटण दाबलं. तो शोध शोध शोधून म्हणाला, शून्य. तेव्हापासून निळा पडदा आणि त्यावर सिग्नल नाही अशी अक्षरं. सहा वेळा करून पाहिलं. इमोजीनने जी शिवी हासडली, ती मला ओठांवरून कळली आणि पाद्रीबाई लाल झाली.

हार्लन, मला राग आलाय. डोंगर ठाऊक असून तू सही केलीस याचा नाही. लॉर्नाच्या औषधांपुढे माझ्या पट्टीचं काय घेऊन बसलास! सहीच्या आधी मला विचारलं नाहीस, याचा राग आहे. मी हो म्हटलं असतं रे. मग निदान दोघांचं पाप झालं असतं, आता तुझ्या एकट्याच्या माथी बसलं.

झालं, बोलून मोकळी झाले. आता ये आणि माझी पट्टी परत आण. येताना छपराची शिडी आण, आमची कुजली. बाकी लोभ कुठे जातोय!

तुझी,
ताई

ॲशबी,
२३ मार्च २००९

ती. ताईस सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्याकडून निघून घरी पोचायला अंधार झाला. तुझ्या छपरावर उभारलेला वीस फुटी खांबावरचा अँटेना छान दिसतो, उपयोग मात्र शून्य. पूर्वी कमजोर लहर आली तरी अंधुक का होईना दिसायचं. या नव्याचं तसं नाही. येतं तर लख्ख, नाही तर काहीच नाही.

पण स्वयंपाकघराच्या खिडकीशी दहा-बारा सेकंद चित्र आलं तेव्हा तू टाळ्या पिटल्यास, ते डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून सांगतो, टीव्ही आणि डबा तिथेच राहू दे, रात्रंदिवस चालू ठेव. पट्टी मी अर्धा अर्धा तास फिरवत असतो, मधल्या एखाद्या फटीतून ती तुझ्यापर्यंत येईलच.

डोंगरावर चित्र पलीकडे पोचवणारा लहानसा मनोरा बसवला तर तुझा प्रश्न कायमचा मिटेल. प्रूइटसाहेबांच्या चार वेळा पाया पडलो. जूननंतर बघू म्हणाले. तोवर तुझ्या ओढ्याचं नाव पहिलं लावायचं मी सोडणार नाही, कोणी काही म्हणो. मुरंब्याची एक बाटली संपली, लॉर्नाने नुसत्या चमच्याने खाल्ला. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
हार्लन

टर्की क्रीक,
२० एप्रिल २००९

चि. हार्लन यास आशीर्वाद, वि. वि.

डॉगवुड फुलला, अंगण पांढरं झालंय. टीव्ही खिडकीशी मांडून मी त्याच्यासमोरच भाज्या चिरते. आतापर्यंत दोनदा चित्र आलं. एकदा केस धुवायच्या साबणाची अर्धी जाहिरात आणि एकदा एक बाई गाडी जिंकून उड्या मारत होती. चित्र गेलं, तिला गाडी दिली की नाही देव जाणे.

इमोजीनच्या नवऱ्याची छाती पुन्हा भरली, खाणीची धूळ, दुसरं काय! त्याला ॲशबीच्या हॉस्पिटलात ठेवलंय, तीही तिथेच. महिनाभर तरी येत नाही. खालची घरं हिवाळ्यातच रिकामी झाली. म्हणजे ओढ्याकाठी सध्या मी आणि माझा निळा पडदा. वर डोंगराची झाडं खाणवाल्यांनी सोलून काढली, तेव्हापासून पाणी फार घाईने खाली येतं.

तू मनोऱ्याचं लावून धर. मी वाट बघायला पक्की आहे, लहानपणी तुझी शाळा सुटेपर्यंत फाटकावर कोण उभं असायचं ते आठव. लॉर्नाला माझी गोधडी पुरी होत आल्याचं सांग. लोभाला कमी नाही.

तुझी,
ताई

ॲशबी,
१६ मे २००९

श्री. हार्लन यांस इमोजीनचा नमस्कार, वि. वि.

दफनाच्या दिवशी तुम्ही समोर उभे होतात, पण मी तशीच निघून गेले. काल व्हर्नाचं घर उपसायला गेलो. कपाटाच्या माथ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा कोरडा सापडला, त्यात सोबतचं पत्र होतं. तुमचं आहे. मी वाचलं, माफ करा.

पुराच्या त्या दुपारी मी हॉस्पिटलात नवऱ्याच्या खाटेशी होते. भिंतीवर तुमचं स्टेशन लागलं होतं. खालून पट्टी आली आणि टर्की क्रीकचं नाव पहिलं. तीनदा आली, मी मोजली. मी नर्सला कौतुकाने सांगितलंसुद्धा, की आता आमची व्हर्ना कोट चढवून टेकडीकडे निघाली असेल. डबा, निळा पडदा, सगळं माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. आठवलं तेव्हा शेरीफला फोन केला, पण तोवर रस्ता वाहून गेला होता.

ती स्वयंपाकघरातच सापडली, हे तुम्हाला सांगितलं असेलच. फ्रिज आडवा पडला होता. तुमचा कागद त्याच्यावर तसाच होता, मी तो काढून जाळला. मी तुम्हाला दोष देत नाही असं लिहायला बसले होते, पण हात तसं लिहीत नाही. मी स्वतःला दोष देत नाही, असंही लिहवत नाही. देव आपल्या दोघांना बघून घेईल.

आपली,
इमोजीन

टर्की क्रीक,
८ मे २००९, दुपार

चि. हार्लन यास आशीर्वाद, वि. वि.

सकाळपासून मुसळधार लागलाय. पाणी पायरीशी आलंय, तिसऱ्या. बाबा गेले त्या वर्षी चौथीपर्यंत येऊन उतरलं होतं, म्हणून मी घाबरलेली नाही. बसल्या बसल्या तुला लिहावं म्हटलं.

मी खिडकीशी टीव्हीसमोरच आहे. मघाशी पडदा थरथरला, मला वाटलं आलीच, पण पुन्हा निळा. म्हणजे तुझ्याकडून काही नाही, आणि तुझ्याकडून काही नाही तर मला या खुब्याने चिखलातून टेकडी चढायचं कारण नाही. आणखी एकदा पडले तर तूच बोलशील. खरं सांगू का, थोडी धाकधूक आहे. पण तू तिकडे जागेवर बसला आहेस आणि आमच्या ओढ्याकडे तुझं लक्ष आहे, एवढं मनाशी म्हटलं की बरं वाटतं. रागावले होते ते मनात ठेवू नकोस. तो राग केव्हाच गेला, लिहायचं राहून गेलं.

आता चौथी पायरी दिसत नाही. दाराखालून जरा ओल आलीय, म्हणून हे पत्र बिस्किटाच्या डब्यात घालून वर ठेवते. कोट खुर्चीवर काढून ठेवलाय, बूट घातलेत, दिवा जवळ आहे.

लोभ ठेव. पट्टी आली की लगेच उठते.

तुझी,
ताई