आधी छोटी, मग मोठी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, धंदा जीपगाड्यांची दुरुस्ती आणि छंद त्याच गाड्यांच्या लहान प्रतिकृती करणे, माझ्या राहत्या घरी बसून, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांचा माझ्या डोक्याशी संबंध जबड्यापुरताच, पण वकील म्हणाले चालेल. मला कोणताही आजार नाही. तरीही हे आजच लिहावे लागत आहे.

राहते घर पत्नीचे. जेवणाचे टेबलही तिचेच. त्यावर कायम माझे चिमटे, रंगाच्या बाटल्या आणि सुटी चाके पसरलेली असत, त्यामुळे ती बिचारी ताट मांडीवर घेऊन जेवत आली. "तुमच्या गाड्यांना जागा आहे, माझ्या ताटाला नाही," हे तिचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. टेबल तिला स्वच्छ पुसून द्यावे. डाग निघणार नाहीत, त्याबद्दल तिने उदार मन करावे.

कपाटातल्या सगळ्या प्रतिकृती मुलीच्या. दुकानातून आणली तशी राहिलेली त्यांत एकही नाही. एकीच्या स्प्रिंगा बॉलपेनांतून काढलेल्या आहेत, एकीच्या सीटा पत्नीच्या जुन्या पर्सच्या चामड्याच्या आहेत. पर्स जुनी होती की नाही, याबद्दल घरात दोन मते आहेत. सोल्डरिंग मुलगी माझ्यापेक्षा साफ करते, म्हणून बारीक हत्यारेही तिलाच.

आमच्या जीपवाल्यांच्या क्लबच्या अध्यक्षांना माझी चिखलाची बरणी द्यावी. चहाचा चोथा, भिंतीची पुट्टी आणि डिंक यांचा हा चिखल चाकांना फासला की गाडी नुकतीच रानातून आल्यासारखी दिसते. प्रदर्शनात गृहस्थांनी तो स्वतःचा शोध म्हणून खपवला. आता अख्खी बरणीच घ्या आणि हौस भागवून घ्या.

गॅरेजमधला माझा अर्धा हिस्सा मुलीला. उरलेला अर्धा धाकट्या भावाचा आहेच. तिथे इमारत उठवू पाहणाऱ्या बिल्डरला जागा विकावी, असे धाकट्याचे म्हणणे आहे आणि मी नाही म्हणत आलो आहे. "दादा नसता तर वहिनीने एव्हाना सही केली असती," असे तो चारचौघांत हसत हसत बोलतो. मीही हसतो. हल्ली हसवत नाही.

अंगणात उभी असते ती माझी जीप. तिला घरात मोठी म्हणतात. तिची हुबेहूब प्रतिकृती, रिमोटवर चालणारी, ती छोटी. गॅरेजचा नियम मी घालून दिला: मोठीत काहीही बदलायचे तर ते आधी छोटीत करून बघायचे, तिला उतारावर सोडायची, आणि मगच मोठीला हात लावायचा. धाकट्याला हे मीच शिकवले. ते त्याच्या अंगात इतके मुरले आहे की आता ठरवूनही त्याला उलटे करता यायचे नाही.

(पुढचा परिच्छेद वकिलांनी मनात वाचावा, मोठ्याने नाही.)

गेल्या आठवड्यात बॅटरी बदलायला मी छोटीला खाली काढले. मी गाड्या भिंतीकडे तोंड करून ठेवतो. छोटीचे तोंड बाहेर होते. तसे फक्त धाकटा ठेवतो. उलटी करून पाहिली, तर स्टिअरिंगच्या दांड्याच्या नटातली स्प्लिट पिन नव्हती. नट सुटू नये म्हणून ती असते, तांब्याची तार वळवून मीच घातली होती. नटही ढिला केलेला होता. सपाटीवर छोटी सरळ धावली. उतारावर वळवली, तसा दांडा निखळला आणि ती भिंतीवर जाऊन आदळली. बंपरवर त्याआधीच एक पोचा होता, आणि तो मी पाडलेला नव्हता. मोठीखाली मी अजून वाकून पाहिलेले नाही. पाहिले आणि तिथेही पिन नसली, तर मला भाऊ उरणार नाही. मला भीती वाटते, आणि मरणापेक्षा त्याची जास्त वाटते.

(इथून पुन्हा मोठ्याने.)

मोठी मुलीला. उद्या क्लबची सहल दगडखाणीच्या उतारावर जाते आहे. मुलगी मोठीत माझ्या शेजारी बसेल. काकाने तिला सायकल शिकवली, एकदाही पडू न देता. गाडी मी शिकवीन, आणि उतरताना स्टिअरिंग तिच्याच हातात देईन.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी, स्वहस्ते:

वरील मजकूर वकिलांनी माझ्या सांगण्यावरून सर्वांसमोर वाचला. मुलगी कामावर होती. धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. मोठीचे कलम आले तसा तो मध्येच बोलला, "दादा, तिला कशाला नेतोस? ऊन लागेल पोरीला."

"गाडी तिचीच व्हायची आहे. बसू दे की."

तो सरळ अंगणात गेला. पत्नीने खिडकीतून विचारले, "भाऊजी, नव्या शर्टात गाडीखाली कशाला शिरताय?"

"काही नाही वहिनी. सहज नजर टाकतो."

जरा वेळाने गाडीखालून हाक आली, "दादा, एखादी स्प्लिट पिन आहे का रे तुझ्याकडे?"

त्या शब्दाला खोलीत फक्त वकिलांनी मान वर केली. मी डब्यातून पिन काढून नेऊन दिली. धाकट्याचा हात तेवढा बाहेर आला. पान्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. "आता ठीक आहे," असे म्हणून तो नळावर हात धुवायला गेला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

पिन त्याने पुतणीसाठी लावली. माझ्यासाठी लावली असती का, हे मला कळलेले नाही, आणि कळल्याशिवाय चैन पडणार नाही. मुलगी उद्या येणार नव्हतीच. तिला सुट्टी नाही. हे आता जेवताना मी त्याच्यासमोर सहज सांगणार आहे. धाकट्याला आज मुक्कामाला ठेवून घेतले आहे. मोठी अंगणातच आहे आणि पाना बॉनेटवर राहिला आहे. तो मी उचललेला नाही. सकाळी खाली न वाकता मी गाडी काढणार आहे.

सबब हे मृत्युपत्र रद्द करत नाही.

लिहून देणार: थोरला भाऊ (सही)
साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: समोरचे शिंपी (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली, जिथून अंगण दिसते
दिनांक: सहलीचा आदला दिवस