पास म्हणजे काय

ता. ४ मे, रविवार. सोनपेठ
शाळेला सुट्टी. आज मस्कतला ह्यांची क्रेन चालवायची परीक्षा. पास झाले तर हेल्परचे ऑपरेटर होतील. सासूबाई सकाळपासून माझ्या मोबाईलकडे बघत बसलेल्या. "वाजला का गं?" न्हाई वाजला.

सांजच्याला मेसेज आला. ह्यांच्या खोलीतला सेल्वा, श्रीलंकेचा. त्याला हिंदी येत नाही, मला तमिळ, म्हणून दोघांचं मोडकं इंग्रजी. "मिलिंद पास्ड आउट टुडे." मी मोठ्यानं वाचलं. आईंनी 'पास' तेवढंच धरलं. "झाला की माझा लेक पास!" गल्लीभर साखर वाटली. मलाही तेच वाटलं. आमची डी.एड.ची बॅच पासआउट झाली असंच म्हणतो की आपण. सेल्वाला थँक्यू, अंगठा, केकचं चित्र, सगळं पाठवलं.

ता. ५
सेल्वाचं उत्तर. "व्हाय थँक्यू, सिस्टर? ही फॉल डाउन. नो टॉक. कंपनी टेक हिम."

पास्ड आउट म्हणजे बेशुद्ध. माहीत होतं की मला. काल कसं सुचलं नाही. आणि मी केक पाठवला.

ह्यांचा फोन बंद. सेल्वा कामावर, उचलत नाही. आई दारात शेजारच्या शकुंतलाबाईंना सांगायलात, "आता दुसऱ्याच्या हाताखाली न्हाई, सोता चालवणार हाय." मी आत. दूध उतू गेलं, कळलंच नाही.
आईंना सांगितलं नाही. कसं सांगू.

ता. ६
दुपारी सेल्वाचा फोन, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. परीक्षा झालीच नव्हती. उन्हात नंबर यायची वाट बघत क्रेनच्या शिडीवर उभे होते, चक्कर येऊन खाली. डोक्याला मार. कुठला दवाखाना? त्याला माहीत नाही. कंपनीचा माणूस सांगत नाही. "आय आस्क, सिस्टर. डेली आय आस्क."

डिक्शनरी काढली. पास. पानभर अर्थ. मीठ सरकव म्हणायला पास. वेळ जातो तो पास. चेंडू देतात तो पास. बसचा पास. चौथीच्या पोरांना मी 'उत्तीर्ण होणे' एवढंच लिहून देते. खाली पास अवे होतं. पुस्तक मिटलं.

ता. ८
"पास झाला तर फोन का करना त्यो?"
म्हटलं, नवीन काम आहे, वेळ मिळत नसेल.
"आन् तू का जेवनास?"
पोट बिघडलंय म्हटलं. आईंनी ताक आणून दिलं. त्यांचं लक्ष नसताना मोरीत ओतलं.

ता. ९
सकाळी मेसेज. "सिस्टर, मिलिंद पास्ड ऑन. बिग हॉस्पिटल. सॉरी, नो नंबर."

पास्ड ऑन.

मागं न्हाणीत जाऊन बसले. पास्ड ऑन म्हणजे पुढं पाठवलं. पास्ड ऑन म्हणजे माणूस गेला, असंही. आणि सॉरी कशाला म्हणतोय? डिक्शनरी बघायची हिंमत नाही. विचारायला बोट उठेना. शेवटी लिहिलं, "ही अलाइव्ह?" एकच टिक. दुपारपर्यंत एकच टिक.

आई शेजारी येऊन बसल्या. "वैशाली, पास म्हंजी काय ते खरं सांग."
सांगितलं. सगळं. साखर वाटली त्या दिवसापासूनचं.
रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लाव त्या सेल्वाला. मी बोलते."
"आई, त्याला मराठी येत नाही."
"लाव तू."
उचलला. आई ओरडूनच बोलल्या, "बाबा रे, आई बोलायलीय मिलिंदची. लेक हाय का माझा?"
तिकडनं, "अम्मा?" आणि मग घाईघाईनं, "ब्रीदिंग, अम्मा! मिलिंद ब्रीदिंग!"
आई माझ्याकडं बघायलात. मी छातीवर हात ठेवून दाखवलं, श्वास चालू आहे.

ता. १२, बुद्ध पौर्णिमा
विहारात गेलो. वंदना केली.
घरी आलो आणि दवाखान्यातून फोन. सेल्वानं सुट्टी टाकून दवाखाना शोधला, तिथं माझा नंबर दिला. नर्स केरळची, हिंदी बोलते. मेंदूला सूज आहे. व्हिडिओवर दाखवलं. डोकं बांधलेलं, तोंडात नळी. डोळे उघडे, पण बघतात कुठं तेच कळत नाही. आई म्हणाल्या, "मिलिंद, मी हाय रे." पापणी हलली. का मलाच वाटलं.
नर्स म्हणाली, "गुज़र जाएगा, दीदी."
आईंनी भिंत धरली. तिला आमच्या तोंडावरून कळलं असावं. "नहीं नहीं! बुरा वक़्त! बुरा वक़्त गुज़र जाएगा!"
आम्ही दोघी तिथंच खाली बसलो.

ता. १३
उद्या सकाळी नळी काढून बघणार. स्वतःचा श्वास घेतला तर पुढचं. बोलतील का, ओळखतील का, डॉक्टर काहीच सांगत नाहीत. नर्स फोन करणार आहे.

फोन चार्जिंगला लावलाय. आई त्याच्याजवळच बसून. म्हणाल्या, "उद्या वाजला की आदी माझ्याकडं दे. तू अर्थ लावत बसतीस. मला आवाजावरून कळंल."
हो म्हटलं. मला तो उचलायचाच नाही.