मनापासूनचं उत्तर

३ मार्च १९६१

पोचले एकदाची! बोटीत मला उलटी होणार म्हणून बाबांनी पैज लावली होती, आणि होणार नाही म्हणून मी. बोटीत झाली नाही, आगगाडीत झाली. आता पैज कोण जिंकलं हे पत्रातून भांडूनच ठरवावं लागेल.

घर बंदराच्या वरच्या अंगाला, चढावरचं शेवटचं. गेडिसबाई दारातच उभ्या होत्या. उंच, ताठ, हात धुऊन धुऊन गुलाबी झालेले. उभा जन्म वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेला, तो चालण्यातसुद्धा दिसतो. माझ्या हातातली बॅग घेऊन म्हणाल्या, "बेटावरची माणसं बॅगेत दगड भरून आणता की काय गं?" मी सांगितलं, दगड नाहीत, बाबांनी तुमच्यासाठी खारवलेले हेरिंग मासे दिलेत. मग तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आमच्या चर्चच्या पाद्रींनी ही सोय लावून दिली. नर्सिंग स्कूलला अर्ज केलेली एक मुलगी गेडिसबाई दरवर्षी घरी ठेवून घेतात आणि मुलाखतीची तयारी करून घेतात. भाडं नाही. बदल्यात दुपारी त्यांच्या आजारी भाचीपाशी बसायचं, बस्स. मुलाखत महिनाअखेरीस, शहरातल्या मोठ्या इस्पितळात, खुद्द मेट्रनसमोर. या घरातून गेलेली एकही मुलगी आजवर परत आली नाही, सगळ्यांना प्रवेश मिळाला, असं त्या अभिमानाने सांगत होत्या.

माझी खोली छोटी पण उबदार आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. आमचाच समुद्र, पण उलट्या बाजूने. डोलिना मॅकॅस्किल, आता मागे फिरायचं नाही!

४ मार्च

सकाळी पहिली उजळणी. गेडिसबाईंनी स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं केलं, कांजी केलेली जुनी टोपी डोक्यावर चढवली आणि त्या एकदम मेट्रनच झाल्या. मला हसू फुटलं, तर म्हणाल्या, तिथे हसलीस तर दारातूनच परत पाठवतील. रोगी जेवायला नाही म्हणाला तर काय करशील? पडून राहणाऱ्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करशील? डॉक्टर चुकतोय असं वाटलं तर कुणाला सांगशील? ही उत्तरं मला येतात. हिवाळाभर दुसरं केलंय काय मी?

शेवटी त्यांनी विचारलं, नर्स का व्हायचंय? मी म्हटलं, मला लोकांची सेवा करायला आवडते.

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "अगं, हे तर प्रत्येक पोरगी म्हणते. मेट्रन तोंडावर हात धरून जांभई देते. मनापासूनचं उत्तर आण. ते असलं की बाकी सगळं माफ."

आणते म्हटलं. पण कुठून आणू? आहे माझ्याकडे, सांगता मात्र येत नाही.

दुपारी वरच्या खोलीत भाचीला पाहिलं. नेसा नाव. माझ्याच वयाची असावी. भिंतीकडे तोंड करून पडलेली, केस राखेच्या रंगाचे. डॉक्टरांना आजार सापडत नाही म्हणे. मी माझं नाव सांगितलं, बाहेर वारा कसा आहे ते सांगितलं. ती हललीसुद्धा नाही. मग मी मोजा विणत बसले. दुपार संपता संपेना.

८ मार्च

इथे कुणाशी बोलावं तेच कळत नाही. रस्त्यात लोक मान हलवतात आणि पुढे जातात. आमच्याकडे पाणी आणायला गेलेली बाई तासाभराने परत येते, आणि पाण्यापेक्षा बातम्याच जास्त आणते. गेडिसबाई उजळणी झाली की त्यांच्या कामात. बोलतात गोड, पण मुलाखतीपलीकडे नाही.

बेकरीवाल्या डथीबाई तेवढ्या बोलतात. माझे उच्चार ऐकून विचारत होत्या, तुमच्याकडे मेंढ्यासुद्धा तुमच्या गेलिक भाषेतच ओरडतात का? मी म्हटलं, हो, आणि तुमचं इंग्रजी त्यांना अजिबात कळत नाही. अख्खं दुकान हसलं. पाव गुंडाळताना त्या म्हणाल्या की गेडिसबाईंचा हात गुणाचा आहे. येताना बुजरी असलेली मुलगी जाताना ओळखू येत नाही. ऐकून बरं वाटलं.

दिवसभरात एवढंच बोलणं झालं. संध्याकाळी स्वतःशीच गेलिकमध्ये बोलून पाहिलं. भिंती परक्या असल्या की आपलाच आवाज कसा आगाऊ वाटतो.

११ मार्च

आज नेसाला सांगून टाकलं. ती ऐकते की नाही कोण जाणे, पण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

मी नऊ वर्षांची होते. आमच्याकडे वाळवून चुलीत जाळतात ती दलदलीची माती कापताना शेजारच्या कॅलमकाकाच्या पायात पातं घुसलं. बाबांनी त्याला उचलून आमच्याच स्वयंपाकघरात आणलं. गावची नर्स वाऱ्यापावसात सायकल ढकलत आली. कंदील धरायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. हात असे थरथरत होते की उजेड भिंतीवर नाचत होता. नर्स म्हणाली, "जखमेकडे बघू नकोस. त्याच्या तोंडाकडे बघ. त्याच्याकडे कुणीतरी बघायला हवंय." मी बघितलं. कॅलमकाका एवढा दांडगा माणूस, पण माझ्या डोळ्यांना धरून राहिला होता. टाके संपेपर्यंत मी नजर हलवली नाही. काय व्हायचं ते मला त्याच दिवशी कळलं.

सांगता सांगता रडू आलं. डोळे पुसून पाहते तर नेसाने तोंड माझ्याकडे वळवलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोळे फिक्के, पण उपाशी माणसासारखे. ती हळूच म्हणाली, "अजून सांग."

मला इतका आनंद झाला! या घरात मला मैत्रीण मिळाली. आणि मेट्रनसाठी उत्तरही.

१३ मार्च

उजळणीत आज ते उत्तर द्यायला गेले आणि मध्येच अडले. कॅलमकाकाचा कुठला पाय? नर्स काय म्हणाली होती? गेडिसबाई म्हणाल्या, राहू दे पोरी, होतं असं.

नेसा आज उठून बसली. सूप स्वतःच्या हाताने प्यायली. मी तिला आईबद्दल सांगितलं. गाय दूध देईना की आई तिच्या कानाशी जे गाणं म्हणायची ते म्हणून दाखवलं. आई गेल्यावर मी ते कधीच म्हटलं नव्हतं. नेसाने माझा हात धरला. हात गरम होता. इथे आल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता.

१५ मार्च

अकरा तारखेचं पान वाचलं. अक्षर माझं आहे. पण कुणीतरी दुसऱ्या मुलीची गोष्ट सांगितलेली असावी तसं वाटलं. कंदील, नर्स, कॅलमकाका. कोण हा कॅलमकाका? त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येईना.

दमले असेन. फार पाठ केलं की असं होतं म्हणे.

जिना चढताना वरून गुणगुणणं ऐकू आलं. गायीचं गाणं. शब्द नि शब्द बरोबर, आई जिथे थांबायची तिथे थांबून. मी सुरात सूर मिसळायला तोंड उघडलं. पुढची ओळ मला आठवेना.

१७ मार्च

पोस्टात जाऊन गावच्या दुकानात फोन लावला. बाबांना बोलावून आणलं त्यांनी. बाबा ओरडून ओरडून बोलत होते, फोनमध्ये ओरडावंच लागतं असं त्यांना वाटतं. मी ऐकत होते. आवाज मायेचा होता.

मला एक शब्दही कळला नाही.

ते गेलिक बोलत होते. माझी भाषा. दगडांवर पाणी वाहावं तसा आवाज नुसता वाहत होता. मी इंग्रजीत म्हटलं, बाबा, हळू बोला. बाबांनी त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "कोण बोलतंय?"

मी फोन ठेवला.

१८ मार्च

आरशात पाहिलं. माझे केस लाल आहेत. होते. आता धुऊन विटलेल्या कापडासारखे दिसतात.

वर गेले नाही. गेडिसबाईंनी बोलावलं तरी गेले नाही. दुपारभर वरून हाक येत होती, माझ्याच उच्चारात — "डोलिना, ये ना गं. एकटी काय करतेस खाली?"

आणि खरंच, एकटी काय करत होते मी? खुर्चीत बसून भिंत बघत होते. शेवटी गेले. जायला नको होतं. तिने हात धरल्यावर किती बरं वाटतं, हे कुणाला सांगू?

१९ मार्च

गेडिसबाईंना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. मला खुर्चीत बसवलं, पायांवर शाल टाकली, मग सांगितलं.

नेसा नावाची भाची खरोखरच होती. सगळी पुस्तकं पाठ, पण मेट्रनने नाकारली. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग एक मुलगी राहायला आली, तिच्यापाशी बसून बोलायला लागली. नेसा उठली, मुलाखतीला गेली, पास झाली. ती दुसरी मुलगी मात्र पडून राहिली. मग पुढच्या वर्षी आणखी एक आली.

मी विचारलं, मग वर आहे ती कोण? त्या म्हणाल्या, "आता ते तिलाही माहीत नाही गं. पण नर्स उत्तम होईल. सगळ्याच झाल्या."

मी किंचाळले असेन. त्यांनी माझ्या कपाळावरून हात फिरवला. "घाबरू नकोस पोरी. तुझी हेळसांड होणार नाही. आणि पुढच्या वर्षी तूही उठशील."

२० मार्च

बॅग घेऊन निघाले. कुणी अडवलं नाही. स्टेशनवर खिडकीतल्या माणसाने विचारलं, कुठलं तिकीट?

मी उभी राहिले. मागच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली. बोट लागते ते गाव — बेटाचं नाव — काहीतरी —

तो म्हणाला, बाई, जायचं कुठे ते ठरवून या.

डथीबाईंच्या दुकानात गेले. म्हटलं, मला ओळखता ना तुम्ही? त्यांनी निरखून पाहिलं. मग एकदम ओळख पटल्यासारखं म्हणाल्या, "अगो बाई, तू गेडिसबाईंची आजारी भाची ना? एवढ्या गारठ्यात बाहेर कशाला आलीस?" त्यांनीच मला हाताला धरून चढावरच्या घरी पोचवलं. वाटेत खूप प्रेमाने बोलत होत्या.

२४ मार्च

पाय उचलत नाहीत. नेसाचा बिछाना आता माझा. गेडिसबाई कूस बदलून देतात, पाठीला पावडर लावतात. जखम होणार नाही. त्यांचं काम चोख आहे.

बिछान्याशी ती बसते. लाल केस. मी काही सांगायचं नाही असं ठरवते. मग ती म्हणते, बोल ना, आणि — बाबा मासे साफ करताना शीळ घालायचे तेही दिलं. का दिलं? शेवटचंच होतं —

मुलाखतीचा दिवस

ती माझा करडा कोट घालून आरशासमोर उभी होती. गेडिसबाईंनी खालून विचारलं, नर्स का व्हायचंय? तिने इथूनच उत्तर दिलं. कंदील. थरथरणारे हात. जखमेकडे बघू नकोस.

मला रडू आलं. इतकं सुंदर उत्तर. कुणाचं असेल?

जाताना तिने वाकून माझ्या गालाचा मुका घेतला. थँक यू म्हणाली. मनापासून म्हणाली.

तारीख माहीत नाही

भिंत. कागदावर फुलं आहेत, उन्हाने उडालेली. खाली कुणी नाही. गेडिसबाई येतात, जातात. नेसा म्हणतात मला. तेही बरं आहे, काहीतरी म्हणतात.

ही वही गादीखाली सापडते. सुरुवातीची पानं कुणा आनंदी मुलीची आहेत. तिच्या बाबांबरोबरची पैज कोण जिंकलं, ते कुठे लिहिलेलं नाही.

थंडी

खाली हसण्याचा आवाज. बॅग ठेवल्याचा. नवा आवाज — तरुण —

गेडिसबाई सांगत होत्या, या घरातून गेलेली एकही मुलगी —

दुपार

ती आली. थोरा नाव. गालांवर वाऱ्याची लाली. विणकाम आणलंय. मी भिंतीकडेच तोंड ठेवलं. डोळे मिटून घेतले. बोलू नकोस, बाई, माझ्याशी बोलू नकोस —

ती हवेबद्दल बोलली.

दुसरी दुपार

सांगायला हवं. पळ म्हणायला हवं. एवढा एकच शब्द. तोंड उघडलं होतं मी, खरंच. पण ती खुर्ची जवळ ओढून बसली, तिच्या अंगाला बाहेरचा, ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि म्हणाली, इथे कुणाशीच बोलायला मिळत नाही हो, तुम्हाला चालेल का — एक सांगायचं होतं — मुलाखतीसाठीच —

सांगते तिला. आता सांगते. फक्त एवढं ऐकून घेते. किती दिवसांनी कुणी माझ्याशी —

तोंड वळवलं मी.

तिचे वडील दीपगृहावर होते, आणि एका हिवाळ्यात दिवा विझला तेव्हा ती एकटीच