पुलापलीकडच्या गोळ्या

३ मार्च

आणल्या! पुलावर सारखी आरशात मागे बघत होते. तिकडे ओरेगॉनात गांजाच्या या जेलीच्या गोळ्या दुकानात राजरोस मिळतात. नदी ओलांडून इकडे आयडाहोत आलं की तीच पिशवी म्हणजे गुन्हा. मागे पोलिसांची गाडी लागली होती. वळली दुसरीकडे.

ऑरिनने अर्धी खाल्ली. कॅन्सर हाडांत उतरल्यापासून पहिल्यांदाच वाडगाभर बटाट्याचं सूप प्यायला. "व्हर्ना, मीठ कमी आहे गं." नवरा तक्रार करतोय — म्हणजे बरं वाटतंय!

९ मार्च

दार वाजलं की आधी गोळ्यांची डबी उशीखाली सारते. आज चर्चमधल्या बाई केक घेऊन आल्या होत्या. मी दार अर्धंच उघडलं.

१४ मार्च

लिहवत नाही. पोझी, आमच्या मुलीची, टॅम्सिनची, चार वर्षांची लेक, आजोबांच्या उशाशी खेळत होती. ऑरिनचा डोळा लागलेला, डबी उघडी. मी स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने बघते तर पोर लुळी पडलेली. हाका मारल्या, ओ नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंय का हिनं?"

"काही नाही हो. माझ्या आईनं फक्त दूध दिलंय," टॅम्सिन म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मला तुरुंग दिसला. घरात एकटा पडलेला ऑरिन दिसला. मग पोझीचा हात पलंगावरून खाली लोंबला — सांगून टाकलं. सगळं.

१५ मार्च

पोझी उठली. वॅफल मागितलं! टॅम्सिनने मला तिच्या जवळ जाऊ दिलं नाही.

१६ मार्च

पोलिसांतला डेप्युटी रसेल आला. मी शाळेची बस चालवायचे तेव्हा लहानपणी माझ्याच बसमधून जायचा. टोपी हातात धरून उभा. "व्हर्नाबाई, माझा नाइलाज आहे हो."

आतून ऑरिन ओरडला, "अरे, माझ्या आहेत त्या! मला ने की!"

"काका, तुम्हाला उठून बसता तरी येतंय का?"

गोळ्या नेल्या. मला कोर्टाची तारीख.

२१ मार्च

मला ऐकू येऊ नये म्हणून ऑरिन उशी दातांत धरून कण्हतो. येतंच ऐकू. परत जाऊ का पलीकडे? या वेळी धरलं तर सोडायचे नाहीत. मग याला पाणी कोण देईल?

२३ मार्च

टॅम्सिन आली. एकटीच. चेहरा पांढराफटक. आत गोळ्या, बाहेर कुलूप अशी एक छोटी पेटी तिने बाबांच्या उशाशी ठेवली आणि किल्ली माझ्या मुठीत कोंबली.

"तू जायचं नाहीस, आई. यापुढे मी जाईन."