बारा वाढपी आणि एक खिडकी

सोमवार, ३ मार्च. सकाळचा चहा झाल्यावर.

नातीला कंपनीने मोठं काम दिलं! काल-परवापर्यंत माझ्या पदराला नाक पुसणारी पोर, आणि आता बारा सर्व्हरची जबाबदारी. सर्व्हर म्हणजे काय ते तिने मला मागेच समजावलंय. म्हणाली, आजी, वाढपी समज. कंपनीतले सगळे एकदम हाका मारतात, हे दे, ते दे, आणि तो कुणाला नाही म्हणत नाही. असे बारा. एका बंद, थंड खोलीत उभे. बसायलासुद्धा नाही बिचाऱ्यांना.

ते बिघडायच्या आधीच तपासायचे, धूळ काढायची, दमलेले भाग बदलायचे. मेंटेनन्स म्हणतात. यात नवीन ते काय? माझ्या शिलाई मशीनला चाळीस वर्षं दर रविवारी तेल दिलं, कुरकुरायच्या आधी. एकदाही बंद पडलं नाही. एकदा पडलं, पण ते सुनेने हात लावला म्हणून.

म्हणजे या कामातलं अनुभवी माणूस घरात मीच. पोरीला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना. ती लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली. हुरूप आला असणार.

संकल्प: विनाकारण तिच्या खोलीत जायचं नाही.

मंगळवार, ४ मार्च

गेले एकदा. कारण होतं. चहाचा कप आणायला. कप नव्हता, पण असू शकला असता.

मागच्या महिन्याचं प्रकरण मुलाने जेवताना पुन्हा उकरलं. पोर घरून सर्व्हरचं काम करत होती आणि भिंतीवरचा तो लुकलुकणारा डबा मी पुसायला म्हणून काढला. पुसला, परत लावला. तेवढ्यात म्हणे तिचं काम अर्ध्यात तुटलं आणि कंपनी तीन तास ठप्प. पुसायला मला दोन मिनिटं लागली. उरलेले दोन तास अठ्ठावन्न मिनिटं कुणाची चूक, ते कोणी विचारत नाही.

सून भांडी लावता लावता म्हणाली, या वेळी काही झालं तर साहेब तिला पक्की करणार नाहीत, घरी पाठवतील. वर्षभर कच्चीच आहे पोर. मला स्वतः नाही सांगितलं तिने. माझं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून. वाढलंच.

बुधवार, ५ मार्च. दुपारी.

तारीख कळली. मी विचारलं आणि तिने लगेच सांगितली, एरवी दहा वेळा विचारावं लागतं. रविवारी, दहा ते दोन, घरूनच. म्हणाली, चार तासांची विंडो मिळालीय. ती हुकली तर तीन महिने दुसरी नाही. दोनला बंद म्हणजे बंद, एक मिनिट जास्त मिळायचं नाही.

विंडो म्हणजे खिडकी एवढं मला कळतं, चौथी पास आहे मी. बारा जण बंद खोलीत, वारा नको का त्यांना? चार तास तरी? पण मग आठवलं. काम घरून करायचं, आणि हिच्या खोलीची खिडकी तीन वर्षं जाम आहे! कुणाच्या लक्षात तरी आलंय का? एवढे शिकलेले सगळे.

गुरुवार, ६ मार्च

खिडकी सोडवली. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली, बिजागऱ्यांत घातलं, कडीत घातलं, वरून लाटण्याने ठोकलं. मुलगा दारात येऊन म्हणाला, आई, काय चाललंय? म्हटलं, विंडो उघडतेय, दहा ते दोन लागणार आहे. त्याने लाटणं उचलून उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाला, छान. आणि गेला. त्यालाही पटलं.

पोरीने भिंतीवर प्लॅनचा कागद लावलाय. छापील इंग्रजी आणि अगदी खाली पेनाने मराठीत एक ओळ. माझ्या चष्म्याची काडी तुटलीय, दुकानवाला सोमवारी देतो म्हणाला. ही वही मोठ्या अक्षरांत लिहितेय, पण ती ओळ काही लागली नाही. शेजारी लाल खूण आहे. मराठीत आहे म्हणजे माझ्यासाठीच असणार. आजीचा आशीर्वाद, वगैरे.

संकल्प: बाटली परत कपाटात ठेवायची. उद्या.

शुक्रवार, ७ मार्च

पोर ताट सोडून उठली. नखं कुरतडतेय. फोनवर दहादा तेच, बॅकअप झाला का, बॅकअप झाला का. सून म्हणाली, एक नाही चाललं तर दुसरं तयार पाहिजे, त्याला बॅकअप म्हणतात. मी दारातून ओरडून सांगितलं, मी आहे ना! पोरीने दार लावून घेतलं. थंडीमुळे असेल.

माझीही झोप उडालीय. ती सकाळी आरशासमोर नुसती उभी होती. केस विंचरायचे विसरून. पाठीवर हात ठेवला तर दचकली.

शनिवार, ८ मार्च. संध्याकाळी.

उद्या एवढी परीक्षा आणि ही सकाळी आठला मैत्रिणीकडे! डबा घेऊन, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून. मी म्हटलं, कार्ड कशाला? म्हणाली, सवय. आईला म्हणाली, फोन करू नकोस. सून दिवसभर फोन हातात धरून बसली. मी तिला दोन शब्द सुनावले, मैत्रिणीकडे तर गेलीय, एवढं काय.

पोर तीनला आली. दोनदा भात मागून घेतला. गाणं म्हणत भांडी घासली, न सांगता! मुलगा आणि सून एकमेकांकडे बघून हसले. मी पाच दिवस धीर दिला त्याचं फळ दिसलं.

रविवार, ९ मार्च

नऊ वाजले. पोर आंघोळीला. लॅपटॉप टेबलावर चालू. खिडकी उघडून ठेवली. आज जरा जाडा दिसतोय लॅपटॉप. चष्मा नसला की सगळंच जाड दिसतं.

नऊ दहा. घरघरतोय. हा आवाज मी ओळखते. आतला पंखा कोरडा पडलाय. दहाला काम, आणि हा आत्ताच घरघरतोय! पोरीला हाक मारली, नळाच्या आवाजात ऐकू गेली नाही. बाटली खिडकीतच होती.

नऊ पंधरा. एक थेंब दिला. जाळीतून. कदाचित तीन. भोक नीट दिसेना.

नऊ वीस. घरघर थांबली! चाळीस वर्षांचा अनुभव!

नऊ पंचवीस. सगळंच थांबलं. पडदा काळा.

नऊ तीस. बटण दाबलं. पदराने पुसला. फुंकर मारली. पालथा केला तर तेल टेबलावर. पुन्हा सुलटा केला.

नऊ चाळीस. स्वयंपाकघरात येऊन बसलेय. पोरीची नोकरी गेली. मी घालवली. मागच्या वेळीही मीच. दोन मिनिटं नव्हती ती. डबा लावताना वायर चुकीच्या भोकात गेली आणि मी तशीच ठेवून झोपायला गेले. हे कुणाला सांगितलं नाही.

दहाला दहा कमी. तिच्या खोलीत पावलं वाजतायत.

साडेदहा. सांगून टाकलं सगळं. डबासुद्धा. वाटलं, आता रडेल, ओरडेल. ती खाली बसली माझ्याजवळ. म्हणाली, आजी, अगं काम कालच झालं. ऑफिसात बसून केलं. बाराच्या बारा ठणठणीत, विंडो बंद व्हायला वीस मिनिटं बाकी होती. मी म्हटलं, आणि हा लॅपटॉप? म्हणाली, भंगारातला आहे. तुझ्यासाठी ठेवला होता.

पोरीला धरून आनंदाने रडले. मग अजून थोडं रडले. ते कशासाठी, लक्षात नाही.

सोमवार, १० मार्च

पोर पक्की झाली! साहेबांनी सगळ्यांसमोर कागद हातात दिला. आख्ख्या जिन्याला सांगून आले. दूधवाला म्हणाला, आजी, तुमचीच नात ना. म्हटलं, नाहीतर कुणाची?

चष्मा मिळाला. प्लॅनची ती खालची ओळ वाचली. एकेक अक्षर लावून.

सर्वात मोठा धोका: आजी. उपाय: रविवार सांगणे, जुना लॅपटॉप टेबलावर.

शेजारची लाल खूण साहेबांची आहे, खाली त्यांची सहीही. बरोबर आहे, अशी.

दोनदा वाचली. वीज गेली तर, पाणी शिरलं तर, या सगळ्याला पोरीने इंग्रजीत एकेक ओळ दिलीय. मराठीत फक्त मी. तेलाची बाटली सुनेला देऊन आले. तिने न विचारता वरच्या फळीवर ठेवली, जिथे माझा हात पोचत नाही.

सोमवार, २ जून

पुन्हा मेंटेनन्स आलं. पोरीला विचारलं, कधी गं? म्हणाली, रविवारी, दहा ते दोन, घरूनच.

बरं म्हटलं. संध्याकाळी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, येत्या शनिवारी दिवसभर बहिणीकडे जाऊन येते म्हणते, खूप दिवस झाले.

पोरीने हातातला फोन खाली ठेवला. मग जवळ आली, गळ्यात हात टाकले, आणि हळूच कानात म्हणाली, आजी, शुक्रवारी गेलीस तर?