दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

३ मार्च, मंगळवार
मी सांगतेय, नात लिहितेय. मला अक्षर येत नाही. ही मध्येच हसली — तेही लिही म्हटलं.
आज जेवणानंतर पुन्हा ह्यांची खुर्ची वाजली. मग पेन्सिलीची खसखस. ह्यांना जाऊन सात महिने झाले. माणूस गेला तरी सवय काही जात नाही.

४ मार्च
छापखान्यात हे तिकिटांवर नंबर उमटवायचे. निवृत्तीच्या दिवशी यंत्र थांबलं ते १०,२२,११७ वर. घरी येऊन म्हणाले, "याला कोण भागतं ते बघतोच." झालं! दोनने जाईना, तीनने जाईना, साताने जाईना. "तुझ्या माहेरच्यांसारखा हट्टी आहे," म्हणाले. रोज दुपारी मी चहा घेऊन शेजारी बसायचे.
"किती राहिले?"
"एकच."
शेवटी शेवटी तर रोज एकच!

७ मार्च
नातीने ह्यांची आकडेमोडीची वही वाचली. म्हणे, हजार अकराच्या पुढे बघायलाच नको. पुढचा एखादा भागत असता, तर त्याचा जोडीदार अलीकडेच सापडला असता. ह्यांनी ९९७ पर्यंतचे सगळे मूळ आकडे, म्हणजे ज्यांना दुसरं कुणी भागत नाही ते, तपासलेत. खरंच एकच उरलाय — १००९.
"पण आजी, नंतरची पानंच्या पानं ९९७ चीच आहेत. तेच ते."
विसरत असतील. वय झालं होतं.
"शेवटचा मी करू? दोन मिनिटांचं काम."
नको म्हटलं. काम संपलं तर हे कशाला येतील?

८ मार्च
खुर्ची वाजली. चहा दोन कप झाला. चुकून.

१० मार्च
त्याच छापखान्यात मी जन्मभर कागद दुमडले. डोळ्यांपेक्षा बोटं शहाणी. आज वही चाचपताना पहिल्या ९९७ पाशी एक पान फाडलेलं लागलं. खालचं पान कोरं, पण बोटाला खड्डे लागले. नातीने वरून पेन्सिल आडवी फिरवली. पांढरे आकडे वर आले. १००९ गुणिले १०१३. बाकी शून्य.
वर तारीखही होती. ह्यांच्या जाण्याआधी दोन वर्षांची.
मला आकडे वाचता येत नाहीत, हे बरं सापडलं ह्यांना!

११ मार्च
म्हणजे दोन वर्षं हे नुसते माझ्याशेजारी बसले होते.
दुपारी खुर्ची वाजली. किती राहिले, ते विचारलं नाही. मीच जरा जवळ सरकून बसले.